समोरचा रुग्ण अभिनय करतो आहे हे ठाऊक असताना डॉक्टर खरोखर काही शिकतो का?

शिकतो, पण कोठे शिकतो हे पाहणे महत्त्वाचे आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागलो तेव्हा मलाही आपल्यासारखीच शंका होती. ही पद्धत तशी जुनी आहे: हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९६३ साली अमेरिकेत रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा वापर सुरू केला, आणि १९६८ मध्ये हृदयाचे निरनिराळे ध्वनी ऐकवणारा ‘हार्वे’ हा पुतळा आला.

अवघड निदान पुष्कळदा माहितीच्या अभावी चुकत नाही; पहिला अंदाज मनात पक्का बसतो आणि पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, म्हणून चुकते. छातीत दुखणारा ‘रुग्ण’ आम्ही असा तयार करतो, की वेदना पाठीत कळ येऊन सुरू झाली हे तो विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबातला फरक दोन्हीकडे मोजल्याशिवाय कळत नाही. विद्यार्थी हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात महाधमनीचा आतला थर फाटलेला असतो आणि तेच औषध जीवघेणे ठरू शकते. येथे कोणी दगावत नाही, मात्र ती चूक त्याच्या कायमची लक्षात राहते.

नातेवाइकांशी बोलणे याहून कठीण. वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ ही सहा टप्प्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली आणि विद्यार्थ्यांना ती तोंडपाठ असते. तरीही एकाने “आम्ही सर्व प्रयत्न केले, पण शरीराने साथ दिली नाही” असे सांगितल्यावर आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी विचारले, “मग आता त्याला कोणत्या वॉर्डात हलवणार?” ‘मृत्यू’ हा शब्द आपण टाळला, हे त्याला त्या क्षणी उमगले.

खरे शिक्षण प्रसंगानंतरच्या चर्चेत होते, आणि तिला प्रसंगाहून अधिक वेळ द्यावा लागतो. ती घाईत उरकली, तर उरते केवळ नाटक. या सरावाचा एक दोषही आहे: विद्यार्थी ठरावीक वाक्ये घोटतात. “तुमचे दुःख मी समजू शकतो” हे वाक्य एकाच सुरात तिसऱ्यांदा कानांवर आले, की मी अभिनय करणाऱ्यांना त्यावर रागावण्याची सूचना देतो.