आजोबांच्या ट्रंकेत ‘ख्रिश्चन हेरल्ड’ लिहिलेला निळा मीन्याचा बिल्ला सापडला. हे पदक आहे का? काही किंमत येईल का?

आधी तो उलटा करा. तुम्ही फक्त पुढचा फोटो टाकलाय, पण खरी माहिती असते मागे. घोड्याच्या नालेसारखी पट्टी असेल, तर तो कोटाच्या काजात अडकवायचा बिल्ला. ही ब्रिटिश पद्धत. टाचणी असली तर साडीला किंवा फ्रॉकलाही लावता यायचा. कडेला बारीक अक्षरं असतील, तर भिंगातून वाचा. फॅटोरिनी, गॉन्ट, मिलर या बिल्ले बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एखादं नाव दिसलं, तर तो बहुधा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा माल. बिल्ला बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता यांवरूनच बहुतेक वेळा काळ ठरतो.

पदक नाही हो. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे ख्रिस्ती वृत्तपत्राचं नाव. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वाचकांचे, विशेषतः मुलांचे, क्लब काढून बिल्ले द्यायची विलायती वृत्तपत्रांत टूमच होती. ‘डेली मिरर’ने १९२७ साली काढलेल्या क्लबचे बिल्ले आजही लोक हौसेने जमवतात. तुमचा त्याच गोत्रातला वाटतो.

आता नावाचा घोळ. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाची पत्रं दोन होती. लंडनचं पत्र मायकेल बॅक्स्टर यांनी १८६६ मध्ये सुरू केलं. गृहस्थ जगाच्या अंताच्या तारखा काढण्यात रमलेले. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन हाच बायबलातला ख्रिस्तविरोधी, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. तो बिचारा १८७३ मध्ये गेला, पत्र मात्र पुढे शतकभर चाललं! दुसरं न्यूयॉर्कचं, लुई क्लॉप्श यांचं. येशूचे शब्द लाल शाईत छापलेला बायबलचा नवा करार त्यांनीच १८९९ मध्ये काढला. १९०० च्या दुष्काळात त्यांच्या वाचकांच्या वर्गणीतून मक्याने भरलेली ‘क्विटो’ बोट मुंबईला आली होती. त्यामुळे एखादा विक्रेता ‘दुष्काळ निवारणाची खूण’ म्हणून असा बिल्ला गळ्यात मारायला बघेल. बिल्ल्यावर तसं काही लिहिलेलं नसेल, तर ती नुसती गोष्ट समजा. शिवाय त्या काळचे अमेरिकन बिल्ले पुष्कळदा सेल्युलॉइडचे (एक जुनं प्लॅस्टिक), गोल, बटणासारखे असत. मीन्याचे नव्हेत.

मीना खरा आहे का, ते नखाने कळतं. खरा मीना म्हणजे काचेची पूड. ती ठशाने उठवलेल्या तांब्याच्या खळग्यांत भरून साधारण ८०० अंशांच्या भट्टीत वितळवतात आणि मग घासून सपाट करतात. म्हणून नख फिरवलं तर रंग आणि धातूची रेघ एका पातळीत लागते. रंग खळग्यात बसलेला आणि रेघा वर आलेल्या असतील, किंवा वर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असेल, तर बहुधा अलीकडचा.

आणि कृपा करून पितांबरी लावू नका. चिंच तर मुळीच नको. मी एकदा जुन्या बाजारात घेतलेला बिल्ला देवाच्या तांब्यासारखा लख्ख करायला गेलो. सोन्याचं पाणी पाच मिनिटांत गेलं, मीनाही पांढुरका पडला. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस्स.

किमतीची आशा फार धरू नका. सोनं असेल ते मुलाम्यापुरतं, आणि गिऱ्हाईक मूठभर. त्यापेक्षा आजोबा कुठे नोकरीला होते, कुठल्या मिशन शाळेत शिकले, हे घरात कुणाला आठवतंय का बघा. मागचा फोटो टाकलात तर बनवणाऱ्याचं नाव वाचायला मदत करतो.