गड बघायला निघालास ना? आधी टाकी शोध

गडांचं बांधकाम समजून घ्यायचं म्हणतोस, तर बुरूज-तोफा जरा बाजूला ठेव आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी शोध. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, स्पष्टच आहे की आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. नुसत्या झऱ्यावरही विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे रोडावतात आणि नेमकं तेव्हाच पाणी जास्त लागतं! टाक्याच्या काठावर बसून कातळ नीट निरख. छिन्नीचे घाव, पाचरा ठोकायच्या खाचांची ओळ दिसते का? तिथला दगड निघाला तो तटाला लागला, उरलेल्या खड्ड्यात पाणी साठलं.

मग रायगडाचा महादरवाजा. लांबून तो दिसतच नाही, दोन बुरुजांच्या कवेत लपलाय. हत्तीला धाव घेऊन धडक द्यायला जागाच ठेवलेली नाही. पहिल्या खेपेला मी फोटो काढत सरळ आत शिरलो, डोक्यात काही शिरलं नाही. तू उतरताना तिथे थांब आणि वळण पायांनी मोज.

रायगडावरच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवरचं, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव चुकवू नकोस. आणि टाक्यात पाय धुऊ नकोस बाबा, लोक ते पाणी पितात.