धुराची उधारी कुणाच्या नावावर?

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

धुरामुळं भारताचं किती नुकसान होतं, या तुझ्या प्रोजेक्टची पानं दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण हिशेबात एका जागी घसरलास, आणि तिथं भलेभले घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू घेतलेला 86 डॉलरचा आकडा बरोबर आहे. कॅथरिन रिके या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली तो मांडला: हवेत एक टन कार्बन डायऑक्साइड जादा गेला तर भारताचं पुढं होणारं नुकसान. सगळ्या देशांत आपलाच वाटा मोठा, अमेरिकेचा 48. साऱ्या जगाचे मिळून 417. हे मधले अंदाज बरं का, जगाचा आकडा 177 ते 805 असा हलतो.

आता तू केलंस काय, 86 ला भारताच्या उत्सर्जनानं गुणलंस. अरे, तो टन कुणी सोडला याला इथं महत्त्वच नाही! धूर टेक्सासात निघो नाहीतर आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात, आपल्या खात्यावर 86 पडतातच. देशाचं नुकसान काढायचं तर जगाच्या उत्सर्जनानं गुणायला हवं, आणि ते आपल्या दहापटीहून जास्त आहे. आपल्या टनातले उरलेले 331 मात्र दुसऱ्यांच्या घरात पडतात. एक येणं, एक देणं. तू दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवलंस. शिवाय हा एका जादा टनाचा भाव. सगळ्या ढिगाला लावलास की उत्तर ढोबळच येणार, तसं लिहून टाक.

वटावाचा दर, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढताना दरसाल किती टक्के कापायचे तो, तू तळटीपेत ढकललास. खरी मेख तिथंच आहे. पन्नास वर्षांनी होणारं 100 रुपयांचं नुकसान 5 टक्क्यांनी आज 9 रुपये दिसतं, 2 टक्क्यांनी 37. अमेरिकेत सरकारी हिशेबात टनामागं 51 डॉलरचं नुकसान धरत. 2023 मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं 190 धरले. नुकसान मोजायची रीत सुधारली हे खरं, पण वटावाचा मुख्य दर 3 टक्क्यांवरून 2 वर आणला त्याचाही हात मोठा. नातवाच्या पैशाला आज किती किंमत द्यायची, एवढाच तो प्रश्न.

मी तीस वर्षं फौंड्रीत कीर्द-खतावणी लिहिली. कोकची गाडी आली की वजन, ओलावा, भाडं, हमाली, सगळं चढवायचो. क्युपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, तोंडातून निघणाऱ्या धुराला मात्र रकाना नव्हता. 2019 च्या ऑगस्टात निपाणीजवळ आमच्या शेतातला ऊस वेदगंगेच्या पाण्यात आठ दिवस उभा होता. पाणी उतरलं तेव्हा शेंड्यात गाळ भरलेला, हात लावला की सुरळी निसटून हातात यायची. महामार्ग बंद, पुण्याला निघालेलं कास्टिंग गाडीतच. तो सगळा पूर कार्बनच्या नावावर टाकू नकोस. धरणांचा विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं हेही त्यात आहेत. परीक्षक पहिला तिथंच बोट ठेवील.

आणि कोळशावरचा सेस, म्हणजे जादा कर, विसरलास की! 2010 मध्ये कोळशाच्या टनाला 50 रुपये, 2016 पर्यंत 400. धुराला रकाना द्यायचा आपला तो पहिला प्रयत्न.

रविवारी ये. येताना तुझ्या बाबांच्या वर्कशॉपचं विजेचं बिल आण. युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरून आधी तेवढंच मांडू.

तुझा,
काका