बंपर राहू द्या, नकारपत्राची तारीख सांगा

अंबड तालुक्यातल्या एका पिकअप मालकाने चार पानी प्रश्न पाठवलाय. पिकअप मोसंबीच्या वाहतुकीची. मागचा फाळका कुणी ना कुणी ठोकतं म्हणून स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून सी-चॅनलचा जाड बंपर करून घेतला आणि थेट चेसीला वेल्ड करून टाकला. पुढे धुळे–सोलापूर महामार्गावर शहागडजवळ रात्री मागून ट्रकची धडक बसली. चेसीची मागची टोकं वाकली, हौदा सरकला, दुरुस्तीला १ लाख ८६ हजार गेले. विमा कंपनीने ‘वाहनात परवानगीविना बदल’ म्हणून दावा नाकारला. त्याला आता बावीस महिने झालेत. एजंट म्हणतो, ‘वरच्या ऑफिसला आणखी एक अर्ज देऊ, होऊन जाईल.’ काढलेला बंपर गोठ्यामागे पडलाय, तो भंगारात द्यावा का? तक्रार केली तर आरटीओ मागे लागेल का? आणि नवा बंपर कसा बसवावा?

पुढचं गार्ड, उंच केलेला हौदा, वाढवलेले पाटे आणि मागचा बंपर. पिकअपवाल्यांचे प्रश्न याच चार गोष्टींभोवती फिरतात आणि चारपैकी तीन पत्रांत तारीख नसते. तुमच्याही पत्रात बंपरच्या प्लेटची जाडी आहे, वेल्डिंगवाल्याचं वर्णन आहे, ट्रकचालक काय बोलला तेही आहे. नकारपत्र कोणत्या तारखेचं, हे मात्र शेवटच्या पानावर तळाशी. खरं तर तेच सगळ्यात वर हवं होतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला दोन वर्षं मिळतात. ती नकारपत्रापासून धरा. पत्र हातात पडलं त्या दिवसापासून मोजावं असा वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. पत्रावरची छापील तारीख धरून चाला. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम दोन महिने उरलेत, पोळ्याच्या आतबाहेर मुदत संपते. एजंटच्या सांगण्यावरून आणखी एक अर्ज दिल्याने ही मुदत एक दिवसही वाढत नाही. कंपनीने त्या अर्जाला ‘पुन्हा विचार केला, निर्णय कायम’ असं उत्तर दिलं, तरी घड्याळ नव्याने सुरू होत नाही. बावीस महिन्यांत असे तीन अर्ज गेले असं तुम्ही लिहिता. त्यातल्या पहिल्याच अर्जाच्या वेळी तक्रार दाखल केली असती, तर आज तुमचं प्रकरण निदान युक्तिवादापर्यंत आलं असतं.

उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. ‘एजंटने थांबायला सांगितलं’ या कारणावर मी भरवसा ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

विमा लोकपालाचा रस्ता तुमच्यासाठी बहुधा बंद झालाय. तिथे कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही, तुमच्यासारख्या एकट्या मालकाचं प्रकरण तिथे चाललं असतं. ते वर्ष ट्रंकेत ठेवलेल्या पत्रासोबत गेलं.

आता पत्रातल्या त्या एका वाक्याकडे. कंपनी लिहिते की वाहनाच्या मागील भागात परवानगीविना बदल केल्याने पॉलिसीच्या अटींचा भंग झाला, सबब दावा नामंजूर. बस. बंपरमुळे नुकसान झालं, असं ती म्हणत नाही. गाडी ओव्हरलोड होती किंवा फिटनेस संपलेला होता, असंही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या गलाडा पॉवर आणि २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स या निकालांत सांगितलंय की नकारपत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला मागाहून पुढे करता येत नाही. त्यामुळे लढाई एकाच मुद्द्यावर होईल. त्या बदलाचा आणि तुमच्या नुकसानीचा संबंध काय? उभ्या किंवा चालत्या पिकअपला मागून ट्रक धडकला, यात बंपर असल्या-नसल्याने धडक टळणार नव्हती. तक्रारीचा कणा हाच.

पण इथेच तुमचा वेल्ड आडवा येतो. चेसीच्या लाँग मेंबरला, म्हणजे लांबीच्या मुख्य तुळईला, वेल्ड मारलं की शिवणीलगतचं लोखंड उष्णतेने आपली मूळ ताकद गमावतं आणि तडा बहुधा तिथूनच जातो. बोल्टवरचा बंपर जोराच्या धडकेत ब्रॅकेटपाशी वाकतो किंवा सुटतो. वेल्ड केलेला जाड बंपर स्वतः वाकत नाही, सगळा मार चेसीवर उतरवतो. नुकसान मोजायला आलेल्या कंपनीच्या सर्वेक्षकाने हे लिहिलं असेल, तर पत्रात शब्द नसला तरी अहवालाच्या आडून तो मुद्दा पुढे येईल. म्हणून सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत आजच लेखी मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. अहवाल हातात आल्याशिवाय तुमची बाजू भक्कम की कच्ची, हे मी सांगत नाही. कुणी सांगत असेल तर त्याची फी वाचवा.

याच कारणाने गोठ्यामागचा बंपर भंगारात द्यायचा नाही. किलोच्या भावाने हजार-दीड हजार येतील आणि तुमचा एकमेव पुरावा भट्टीत जाईल. त्याच्या दोन्ही ब्रॅकेटांचे जवळून फोटो काढा: शिवण तुटलेली आहे की शाबूत, प्लेट किती मिलिमीटरची, वाकलीय तर कोणत्या बाजूला. वजन काट्यावर करून पावती घ्या. अपघाताच्या वेळचे फोटो गॅरेजवाल्याच्या मोबाइलमध्ये असतील, ते मूळ फाइल म्हणूनच घ्या. व्हॉट्सअॅपवरून आले तर फोटोतली तारीख पुसली जाते. विमा कंपन्यांच्या पॅनेलबाहेरचा परवानाधारक सर्वेक्षक किंवा ऑटोमोबाइल अभियंता गाठून दोन पानी अभिप्राय घ्या. चेसीवरच्या खुणा रंगाखाली गेल्या असतील, तरी ब्रॅकेट बोलतात.

‘हा कायद्याने बदल ठरतो का’ या प्रश्नावर मी ठाम उत्तर देणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. दुसरीकडे, त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाचं मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फरक, असं म्हटलंय. मागचा बंपर त्यात बसतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. गॅरेजवाले ‘दोन टक्के वजनापर्यंत चालतं’ असं जे छातीठोक सांगतात, ते १९८८ च्या मूळ कलमात होतं. २००० च्या दुरुस्तीत ते गेलं. त्यावर विसंबू नका. तुमच्या बाजूची एक गोष्ट म्हणजे हा बंपर गाडीवर असताना गाडीचं पासिंग झालंय. वेल्ड असल्याने तो काढून नेला नव्हता, हे उघड आहे. योग्यता प्रमाणपत्राची ती प्रत जोडा. निर्णायक नाही, पण वजन आहे.

पैशाची अपेक्षा आधीच खाली आणा. अटींचा भंग झाला तरी दावा सरसकट न फेटाळता ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाच्या अमलेंदू साहू प्रकरणात २०१० साली मोकळी झाली. बऱ्याच तक्रारी शेवटी तिथेच येऊन थांबतात. पॉलिसीवर ‘आयएमटी २३’ हे जादा संरक्षणाचं कलम लिहिलंय का ते बघा. व्यावसायिक वाहनांना तो जोडलेला नसेल तर दिवे, मडगार्ड, बंपर, रंगकाम हे सहसा भरपाईतून वगळलेलं असतं. आणि तुमच्या त्या लोखंडी बंपरची किंमत विसरा. पॉलिसी घेताना ती जाहीरच केलेली नव्हती.

तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे दाखल करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की आणखी कुठे. मोबदला, म्हणजे इथे हप्ता, पाच लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. ‘गाडी व्यावसायिक, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेप येणारच. गाडी तुम्ही स्वतः उदरनिर्वाहासाठी चालवता, हे तक्रारीत आणि प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर फाइल चढवायला शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मुदतीच्या निदान पंधरा दिवस आधी दाखल झालं पाहिजे. सोबत पॉलिसीची पूर्ण पुस्तिका जोडा, नुसतं पहिलं पान नको. नकारपत्र, दुरुस्तीची जीएसटी बिलं आणि पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, पोलिसांचा पंचनामा, आरसी, फिटनेस, चालकाचं लायसन्स हे सगळं हवं. कच्च्या पावत्यांवर आयोग किती देईल, याची खात्री नाही.

कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. ते कागदावर. कंपनीला उत्तर द्यायला ३० अधिक १५ दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हिली मल्टिपर्पज प्रकरणात ठरवलंय. पंचेचाळीस दिवस होताच उत्तर दाखल करून घेऊ नये, असा अर्ज तुमच्या वकिलाने द्यावा. वकीलच हा अर्ज विसरतात आणि मग तारखांची माळ लागते. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील. त्यांचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

धडक देणाऱ्या ट्रकच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा प्राधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा दावा करता आला असता. २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती तुम्ही केव्हाच ओलांडलीत. त्या मुदतीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, म्हणून दार पूर्ण लागलं असं म्हणत नाही. तुमच्या वकिलाला विचारा, पण आयोगातलं काम त्यासाठी थांबवू नका.

आरटीओची भीती थोडी जास्तच वाढवलीय तुम्ही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ (४) मध्ये मालकाने केलेल्या अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही आहे. पण बंपर काढून वर्ष उलटलंय आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार एक वर्षाची मुदत असते. बंपर नेमका कधी काढला, हे गॅरेजच्या बिलावर दिसू द्या. तक्रारीत बंपर लपवू नका, कंपनीकडे त्याचे फोटो आहेतच.

नवा बंपर बसवायचाच असेल, तर गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला अॅक्सेसरी बंपर घ्या आणि चेसीच्या टोकाला असलेल्या मूळ छिद्रांवर बोल्टने बसवा. वेल्ड नाही, लाँग मेंबरच्या वरच्या-खालच्या फ्लँजला नवं छिद्रही नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट, दोन्ही बाजूंना जाड वॉशर. बोल्ट एम १२, म्हणजे १२ मिलिमीटरचा, असेल तर साधारण ८० न्यूटन-मीटरने आवळा, पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण रंगाचा थर दबला की बोल्ट सैल होतात. घट्ट करण्याआधी फाळका पूर्ण खाली पडतो का आणि स्टेपनी खालून निघते का ते करून बघा. नंबरप्लेट, तिचा दिवा, टेललॅम्प, लाल परावर्तक यातलं काहीही झाकलं जाऊ नये. पासिंगला पहिली हरकत तिथेच निघते. आणि हात घालण्याआधी विमा कंपनीला बिलासह ईमेल करून बंपर पॉलिसीत नोंदवून घ्या. एंडॉर्समेंटचा, म्हणजे या नोंदीचा, कागद हातात येईपर्यंत बंपरविनाच गाडी चालवा.