नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आल्यावर पारंपरिक डच पदार्थांची सुरुवात कशापासून करावी?

माझ्या मते सुरुवात हिवाळ्यातल्या घरगुती जेवणापासून करावी, कारण डच स्वयंपाकाचा खरा जीव उकडलेल्या बटाट्यात केलची (कोबीच्या कुळातली कुरळ्या पानांची भाजी) पाने, गाजर-कांदा किंवा आंबवलेला कोबी घोटून केलेल्या स्टाम्पपॉटमध्ये आहे. केलच्या स्टाम्पपॉटमध्ये मधोमध खळगा करून मांसाचा रस्सा ओततात आणि सोबत धुरी दिलेले सॉसेज वाढतात. शाकाहारी व्यक्तीने हे दोन्ही वगळून वर लोणी व मोहरीची चटणी घ्यावी, चव मुळीच उणी वाटत नाही. गाजर-कांद्याचा हुट्सपॉट शक्यतो ३ ऑक्टोबरला लायडन शहरात खावा, कारण १५७४ साली स्पॅनिश वेढा उठल्याची आठवण म्हणून तिथे त्या दिवशी हाच पदार्थ शिजतो आणि हेरिंग मासा व पांढरा पाव वाटला जातो.

हंगामातले नवे हेरिंग जूनमध्ये येते. ते शिजवलेले नसून मिठात मुरवलेले असते, तरी बिचकू नये. बारीक चिरलेल्या कांद्यासोबत खाल्ले की ते लोण्यासारखे मऊ लागते. वाटाण्याच्या दाट सुपात बहुधा डुकराचे मांस असते, त्यामुळे ते आधी विचारून घ्यावे. गोडात, बाजारातल्या गाडीवर समोर भाजून दिलेले गरम स्ट्रोपवाफल (दोन पातळ वाफलांमध्ये घट्ट पाक भरलेले बिस्किट) पाकीटबंद मिळणाऱ्यापेक्षा कितीतरी सरस असते.