आधी वायर, मग शेगडी

प्रश्न : ताई, सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आमचं २६ वर्षांचं जुनं घर आहे. दिवाळीनंतर स्वयंपाकघर मुळापासून नवीन करायचं ठरलंय. कडप्प्याचा ओटा जाणार, ग्रॅनाईट येणार, ट्रॉल्या, चिमणी, सगळंच. मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणतो गॅस काढूनच टाका, चार जागांचं इंडक्शन ओट्यात बसवून घ्या. इंटीरियरवाल्यांनीही तसंच चित्र काढून दिलंय, ओटा ३४ इंच उंच. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, उंची चार फूट दहा इंच, पण रात्रीच्या भाकरी अजून त्यांच्याच हातच्या. त्या म्हणाल्या, "काचेवर भाकरी करायची तर मग मला आरशासमोर बसवा." घरात माणसं चार. सिलिंडर दीड महिना जातो. लाईटबिल २४० युनिटच्या आसपास येतं. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात मुलाचं मत आहे, इंटीरियरवाल्यांचं आहे, सासूबाईंचं तर चांगलंच खणखणीत आहे. तुमचं स्वतःचं मात्र कुठं दिसलं नाही. असो, माझं सांगते. गॅस ठेवा, पण दोन बर्नरचा. शेजारी एक सुटी इंडक्शन शेगडी ठेवा. आणि कुणी काहीही म्हणो, ग्रॅनाईटला शेगडीसाठी भोक पाडू देऊ नका.

आधी भाकरीचं बघू, कारण तुमच्या घरातलं भांडण तिथंच आहे. हा प्रयोग मी माझ्या ओट्यावर करून बघितलाय. सुट्या इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, साधारण सहा-सात इंचांचं. माझा बिडाचा तवा अकरा इंचांचा. ज्वारीची भाकरी टाकली, पाणी फिरवलं, पाणी आटत आल्यावर उलटली. थोड्या वेळानं उलथन्यानं उचलून बघते तर मधोमध बांगडीएवढा काळा गोल, आणि कडेची दोन बोटं पांढरीफटक, कच्ची. गॅसवर आपण शेवटी तवा बाजूला सारतो आणि भाकरी सरळ जाळावर धरतो. तिथं ती टम्म फुगते. इथं जाळच नाही, धरणार कशावर? दुसऱ्या दिवशी तवा मंद आचेवर सहा-सात मिनिटं तापू दिला, भाकरी सारखी फिरवत राहिले, फडक्यानं कडा दाबल्या, तेव्हा पापुद्रा सुटला. म्हणजे होत नाही असं नाही. पण माझी एक झाली तेवढ्यात तुमच्या सासूबाईंच्या तीन होऊन टोपलीत पडल्या असत्या. आणि पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला तिच्या हातातली एकमेव हुकमी गोष्ट नव्यानं शिकायला लावायची, ही मला तरी घराची सुधारणा वाटत नाही.

भरताचं वांगं, पोह्याचे पापड, मटणाच्या वाटणाचं खोबरं आणि अख्खा कांदा, ही सगळी जाळावर धरायचीच कामं. आपल्या भागात तर खोबऱ्याला विस्तव लागल्याशिवाय रश्श्याला रंग चढत नाही.

आता इंडक्शनची बाजू. ती मी कमी लेखत नाही, माझा स्वतःचा सकाळचा चहा, दूध, कुकर आणि अंघोळीनंतरचं प्यायचं गरम पाणी गेली कित्येक वर्षं त्यावरच होतं. गॅसची आच भांड्याच्या कडेनं वर निघून जाते आणि आपल्या तोंडाला लागते. इंडक्शनमध्ये उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते. वेटोळ्यातून वेगानं दिशा बदलणारी वीज जाते, तिच्या चुंबकीय क्षेत्रानं बुडाच्या लोखंडात प्रवाह फिरतात आणि बूड तापतं. काच तापते ती भांड्यामुळं. म्हणून एप्रिलमध्ये दुपारी आमटी करताना पदरानं घाम पुसावा लागत नाही. दूध उतू गेलं तर बर्नर उचलून, जाळी घासून, पिन घालून भोकं मोकळी करायची नाहीत; फडकं फिरवलं की झालं. विसरभोळ्या माणसाला टायमर आहे. शिवाय गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साईड तयार होतो, खिडकी बंद असेल तर तो घरातच राहतो. चिमणी घेताना पाईप बाहेर काढणारीच घ्या. नुसती गाळणी लावून हवा पुन्हा घरात सोडणारी चिमणी तेलकटपणा धरते, हा वायू नाही.

खर्चाचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण मुलगा विचारेल. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर सुमारे १८० युनिट भरते. शेगडीवर त्यातली फार तर दोन तृतीयांश भांड्यात जाते. इंडक्शनवर साधारण ८५ टक्के जाते. म्हणजे एका सिलिंडरचं काम इंडक्शनला १३५ ते १४० युनिटांत होतं. सिलिंडर ९०० रुपयांचा धरा, तर वीज साडेसहा रुपये युनिटच्या खाली पडली तरच इंडक्शन स्वस्त. आता महावितरणचं बिल हातात घ्या. १०१ ते ३०० युनिटांचा दर बघा, त्यात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च, मिळवा, वर वीज शुल्क आहेच. आकडा साडेसहाच्या बराच पुढं जातो. तुमचा सिलिंडर दीड महिना जातो, म्हणजे सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर महिन्याला ९० युनिट वाढतील. २४० चे ३३० होतील, आणि ३०० च्या वरची ३० युनिटं त्याहून महाग टप्प्यात पडतील. त्याऐवजी चहा, दूध, कुकर एवढंच इंडक्शनवर ठेवलंत तर वाढ तीसेक युनिटांची. ३०० च्या आत राहाल, आणि सिलिंडर दोन महिन्यांच्या पुढं जाईल. गच्चीवर तुमचं सोलर असतं तर मी हा सगळा परिच्छेद उलटा लिहिला असता. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला ते सोपं नाही.

मुलाचं चुकत नाही, फक्त तो त्याच्या भिंती बघून बोलतोय. जर्मनीत स्वयंपाकघरात शेगडीसाठी थ्री फेजची वेगळी जोडणी बहुतेक घरांत भिंतीतच दिलेली असते. तुमच्या २६ वर्षांच्या भिंतीत काय आहे ते बघितलंय का? मिक्सरसाठी एक आणि फ्रिजसाठी एक, असे दोन सॉकेट, बहुधा एकाच वायरवर.

म्हणून मी म्हणते, शेगडीवर भांडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. फरशी लागायच्या आधी, भिंत उघडी असतानाच. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढते. तिला ६ अँपिअरचा बारका सॉकेट चालत नाही, १६ चाच लागतो. मिरजेला एका घरी मी बारक्या सॉकेटचं तोंड वितळून तपकिरी झालेलं बघितलंय. मुलगी म्हणाली, "काकू, आठवडाभर मासळीसारखा वास येत होता, आम्ही मोरी धूत बसलो." तो प्लॅस्टिकचा वास होता. तेव्हा पेटीपासून थेट, मधे कुठंही फाटा न काढता ४ चौरस मिलिमीटरची वायर, तिला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), अर्थिंग तपासून घेतलेलं. सॉकेट शेगडीच्या मागं नको, वाफ आणि फोडणीचे शिंतोडे त्यावरच बसतात. हातभर बाजूला घ्या. याशिवाय ६ चौरस मिलिमीटरची आणखी एक वायर ओट्याखाली आणून, टोक डब्यात बंद करून ठेवा. दहा वर्षांनी सुनेला चार जागांचं इंडक्शन हवं झालं तर ते ७ किलोवॅटच्या घरात जातं, आणि तेव्हा फरशी फोडायची वेळ येऊ नये. बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, म्हणजे तुम्हाला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते. तोही इलेक्ट्रिशियनला दाखवा. चिमणी, गिझर, इंडक्शन एका वेळी चालणार असतील तर तो वाढवून घ्यावा लागेल.

ग्रॅनाईटला भोक नको का म्हणते, तर स्वतःची फजिती सांगते. २०१४ साली मी माझ्याच घरी हौसेनं ओट्यात बसणारी चार बर्नरची काचेची शेगडी घेतली. दिसायला इतकी सुबक की येईल त्याला दाखवायची. पाचव्या वर्षी काच तडकली. कंपनीनं सांगितलं, ते मॉडेल बंद झालं. नवीन मॉडेलचं माप जुन्या भोकापेक्षा लांबीला अर्धा इंच जास्त आणि रुंदीला पाऊण इंच कमी. लांबी कापता येते. भोकाची रुंदी कमी कशी करणार? दगडाला ठिगळ लावता येत नाही. शेवटी भोकावर स्टीलचा पत्रा मारून वर साधी दोन बर्नरची शेगडी ठेवली, ती आजही तशीच आहे. दुसऱ्यांची स्वयंपाकघरं करून देणाऱ्या बाईच्या ओट्यावर पत्रा!

उंचीचं तर इंटीरियरवाल्यांनी सासूबाईंना उभं करून बघितलेलंच दिसत नाही. वर ठेवलेली गॅसची शेगडी जाळीसकट चार-पाच इंच उंच असते. ३४ इंचांच्या ओट्यावर ती ठेवली की तवा ३८-३९ वर गेला. चार फूट दहा इंचाच्या बाईच्या कोपराला तो टेकेल. भाकरी उलटताना खांदा वर उचलावा लागेल. ओटा ३२ चा घ्या, आणि गॅस राहणार तेवढा अडीच फुटांचा तुकडा आणखी तीन इंच खाली उतरवून घ्या. मिस्त्री कुरकुरेल, कारण दगडाचा एक सांधा वाढतो. कुरकुरू दे.

सिलिंडर ट्रॉलीच्या दाराआड जाणार असेल तर दाराला खालच्या बाजूला जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. वरती नक्षीची जाळी लावून देतात, तिचा उपयोग शून्य. रबरी नळी ओटा फोडून पलीकडं ओढू नका, आणि ती गॅस कंपनीची 'सुरक्षा' नळी असली तरी पाच वर्षांनी बदला. तारीख तिच्यावरच छापलेली असते.

आणि गॅस पूर्ण काढायचा नाही, याचं माझं शेवटचं कारण तुम्ही सांगलीकर आहात म्हणून तुम्हाला सांगायलाही नको. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर, तुमच्याकडं कृष्णेचा. आमच्या गल्लीत पंचगंगेचं पाणी पोचलं नाही, पण वीज गेली ती गेली. धाकट्या बहिणीचं घर पाण्यात, ती सगळी आमच्याकडं, मिळून अकरा माणसं. घरातला इन्व्हर्टर दोन दिवे आणि एक पंखा चालवून दमला. इंडक्शन त्यावर चालतच नाही. एका भरलेल्या सिलिंडरवर आम्ही पिठलं-भात रांधला.

प्रश्न : वडिलांना गेल्या वर्षी पेसमेकर बसवलाय. घरी इंडक्शन आहे. आई त्यांना स्वयंपाकघरात येऊच देत नाही. बरोबर आहे का? (कराड)

उत्तर : आईची काळजी खरी, बंदी जरा जास्त. शेगडीपासून दोन फूट लांब राहावं, चालू शेगडीवर छातीशी वाकून ढवळू नये, एवढं पाळलं की सहसा पुरतं. पेसमेकर बसवलेल्या डॉक्टरांना त्या मॉडेलचं नाव सांगून एकदा विचारून घ्या. वडिलांना टेबलाशी बसून मटार सोलायला काहीच हरकत नाही. आईला मदत होईल, ही वेगळी गोष्ट.

प्रश्न : लग्नात मिळालेली तांब्या-पितळेची पातेली, आईची हिंडालियमची कढई आणि स्टीलचे डबेभर टोप आहेत. इंडक्शन घेतलं तर हे सगळं मोडीत काढायचं का? दुकानदार नवीन सेट घ्या म्हणतो. (इचलकरंजी)

उत्तर : दुकानदार दुसरं काय म्हणणार! फ्रिजवरचं चुंबक काढा आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालतं. तांबं, पितळ, हिंडालियम यांना ते चिकटणार नाही, ती राहिली गॅसवर. स्टीलचं मात्र गंमतीचं आहे. जुन्या चांगल्या स्टीलला बऱ्याचदा चुंबक चिकटत नाही आणि स्वस्तातल्याला चिकटतं, तेव्हा नुसतं बघून ठरवू नका. लोखंडी कढईला चुंबक चिकटेल, पण तिचं बूड गोल असेल तर ती काचेवर डुलत राहील आणि नीट तापणार नाही. बिडाचा तवा चालतो, फक्त काचेवर घासून सरकवू नका. उचला आणि ठेवा.

नवीन घ्यायचंच तर सुरुवातीला दोनच वस्तू घ्या : इंडक्शनच्या बुडाचा कुकर आणि तीन लिटरचं जाड, सपाट बुडाचं पातेलं. महिनाभर त्यावर काय काय होतंय बघा. बाकीचं नंतर. पितळी पातेली कल्हईवाल्याकडं देऊन या, गणपतीत खीर त्यातच करा.