स्टोरेज फुल झालंय म्हणे, आता काय?

प्रश्न : एसटीतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, कराडला असतो. फोन रोज सकाळी एकच रडगाणं गातो, स्टोरेज भरलंय, जास्तीची जागा विकत घ्या. पोरगा म्हणतो भरून टाका पैसे, आमची मंडळी म्हणतात आपलेच फोटो बघायला भाडं कसलं? हे क्लाउड खरंच आपल्यासारख्यांसाठी आहे की कंपन्यांच्या धंद्यासाठी? आणि पैसे नाही भरले तर नातवाच्या बारशाचे फोटो जाणार का?
– एक वाचक, कराड

उत्तर : काका, आधी जीव भांड्यात पडू द्या, आज पैसे नाही भरले म्हणून उद्या बारशाचे फोटो उडत नाहीत. तुमचा फोन अँड्रॉइड आहे असं धरून सांगते. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीच्या कॉम्प्युटरवरची जागा; गूगलच्या तिथल्या फुकटच्या १५ जीबीत फोटो, ड्राइव्ह (फाइल ठेवायची जागा) आणि जीमेल तिघं एकत्र नांदतात, त्यामुळे जागा संपली की नवीन फोटो वर चढत नाहीत ते सोडाच, मेल यायचे पण थांबतात, आणि बँकेचं स्टेटमेंट का आलं नाही म्हणून आपण ब्रँचमध्ये भांडत बसतो. मात्र दोन वर्षं तसंच मर्यादेच्या वर राहिलं तर आतलं सगळं डिलीट करायची मुभा गूगलने नियमात ठेवलीय.

मंडळींचा राग मला पटतो. २०१५ ला गूगल फोटोज आलं तेव्हा क्वालिटी थोडी कमी चालत असेल तर कितीही फोटो टाका, फुकट, असं होतं. लोकांनी लग्नं, मुंजी, जेजुरी, गणपती सगळं चढवलं आणि सवय लागल्यावर १ जून २०२१ पासून ते बंद (त्याआधी त्या क्वालिटीत चढलेले अजूनही मोजत नाहीत, तेवढी मेहरबानी). मग अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप (चॅटची जपून ठेवलेली कॉपी), तोही मोजत नव्हते, डिसेंबर २०२३ पासून हळूहळू तो पण त्याच १५ जीबीत धरायला लागले. तेव्हा नातवाच्या फोटोंवर संशय घेऊ नका, आधी गुड मॉर्निंगचे गुलाब आणि भजनाचे व्हिडिओ तपासा.

पण धंदा आहे म्हणून कामाचं नाही असंही नाही हो. मागच्या पावसाळ्यात माझा फोन भरल्या बादलीत पडला, कायमचा गेला, नवीन फोनवर लॉगिन केलं आणि चहा उकळेपर्यंत जुने फोटो दिसायला लागले. माझ्या मावशीचं नेमकं उलटं झालं. तिला वाटलं क्लाउडवर आहेतच, मग फोनमधले काढू, म्हणून तिने फोटोच्या अ‍ॅपमध्येच बसून एकेक सिलेक्ट करत मंगळागौरीचे सगळे डिलीट केले, तर ते दोन्हीकडून गेले. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत, ६० दिवस राहतो, तिने शोधायला घेतले दिवाळीत! फोनमधली जागा मोकळी करायची तर त्याच अ‍ॅपमध्ये 'फ्री अप स्पेस' आहे, ते फक्त वर चढलेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं. हा फरक कुणी नीट सांगत नाही आणि माझ्या मते सामान्य माणूस मरतो तो इथेच.

तुम्ही एक करा, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज, तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल वेगळ्या काढून दाखवतो, त्या बघून बघून उडवा. चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचा पर्याय बंद ठेवा. एवढं करून पण भरलेलंच राहिलं तर खुशाल पैसे भरा, पोरगा चुकीचं सांगत नाहीये. फक्त भरले तरी बारशाचे, लग्नाचे फोटो निवडून एका हार्ड डिस्कवर घ्याच, आणि पन्नासेक धुऊन अल्बममध्ये लावा. गूगलचं ऑर्कुट आठवतं, फेसबुकसारखं? पोराला विचारा, २०१४ च्या सप्टेंबरात तेही बंद झालं. आणि हो, अकाउंटला जोडलेला नंबर जुना तर नाही ना बघा, रिचार्ज न करता सोडलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, मग पासवर्ड विसरलात तर ओटीपी त्याच्याकडे.

प्रश्न : सरकारच्या डिजिलॉकर अ‍ॅपमध्ये सगळं टाकलंय, मग लायसन्स, मार्कशीट घरी ठेवायची काय गरज?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : 'टाकलंय' म्हणजे कसं, ते सांगा! डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. 'इश्यूड'मध्ये आरटीओ किंवा बोर्डाकडून थेट आलेलं असतं, ते २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदासारखंच धरतात. तुम्ही मोबाइलने फोटो काढून 'अपलोड' केलेलं मात्र झेरॉक्सच. ट्रॅफिकवाल्याला पहिल्या कप्प्यातलं दाखवा. मार्कशीट अजिबात फेकू नका, अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर अजूनही 'ओरिजिनल आणा' म्हणतात आणि तिथे नियम वाचून दाखवायला आपल्याकडे वेळ नसतो.